बिनतारी जाळ्याची किल्ली कोणाच्या हाती?

कार्यालयात किंवा ग्रंथालयात वायफायचा अॅक्सेस पॉइंट बसविला की एक परवलीचा शब्द ठरवून तो सर्वांना सांगण्याची पद्धत सर्रास आढळते. यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. संदेश गूढलिपीत बदलणे ही एक. तो पाठविणारी व्यक्ती कोण, याची खातरजमा करणे ही दुसरी.

१९९७ च्या मूळ मानकातील ‘वेप’ ही गूढलेखनपद्धती २००१ मध्येच सदोष ठरली. ती कोठे चालू असल्यास तत्काळ बंद करावी. २००४ पासूनची ‘डब्ल्यूपीए-२’ पुष्कळ भक्कम आहे. मात्र तिच्यात सर्वांचा शब्द एकच असेल, तर तो ठाऊक असलेला मनुष्य जोडणीच्या वेळचे संदेश टिपून दुसऱ्याचा मजकूर उलगडू शकतो. शिवाय कर्मचाऱ्याची बदली झाली तरी शब्द त्याच्यापाशी राहतोच. तो बदलावयाचा तर प्रत्येक यंत्रावर बदलावा लागतो. म्हणून बहुधा बदललाच जात नाही!

यावर उपाय ‘एंटरप्राइज’ पद्धतीचा. तीत प्रत्येकास स्वतंत्र नाव व शब्द मिळतो. अॅक्सेस पॉइंट स्वतः निर्णय न घेता विनंती ‘रेडियस’ सर्व्हरकडे पाठवितो. त्यासाठी त्यात सर्व्हरचा पत्ता, सामान्यतः १८१२ हा पोर्ट क्रमांक आणि उभयतांमधील गुप्त शब्द नोंदवावा. होकार मिळताच त्या जोडणीपुरती वेगळी किल्ली तयार होते. एकाचे खाते बंद केल्याने इतरांना तोशीस पडत नाही.

वापरणाऱ्याच्या यंत्राने सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासलेच पाहिजे. घाईत हेच वगळले जाते, आणि मग त्याच नावाचे बनावट जाळे उभारणाऱ्याच्या हाती नाव व शब्द आयते पडतात.