अंबाडीच्या फुलांचा जॅम : साखर किती आणि का?



गळिताचा हंगाम सुरू होतो त्याच सुमारास आपल्या वावराच्या धुऱ्यावरची लाल अंबाडी रंगावर येते. तिचा पाला आपण ज्वारीच्या कण्या घालून खातो. पूर्वी तिच्या वाखाचे दोर वळत. फुलांची मात्र एखाद्या वेळी चटणी होते आणि बाकीची झाडावरच वाळून जातात. या फुलांचा फार चांगला जॅम होतो. साखर तर आपल्या घरचीच आहे. तेव्हा या वेळी हा पाठ देण्याचे आम्ही योजले आहे.

हा जॅम नवा नाही. क्वीन्सलँड हा ऑस्ट्रेलियाचा प्रांतही आपल्यासारखाच ऊसवाल्यांचा मुलूख. तिथे १८९२ साली अंबाडीच्या जॅमचे दोन कारखाने होते व माल युरोपात जात असे. ते कारखाने फार दिवस चालले नाहीत, पण घरोघर जॅम करण्याची चाल तिथे राहिली. युरोपात लोक आंबट चेरीचा जॅम करतात. त्या फळात घट्टपणा आणणारा पदार्थ कमी असतो, म्हणून त्याला लिंबू किंवा बाहेरचे पेक्टिन जोडावे लागते. अंबाडीत आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही अंगचीच असतात. वरून काही घालावे लागत नाही.

मग अडते कुठे? अडते साखरेपाशी. जॅम गोड होईल म्हणून कोणी निम्मीच साखर घालते, कोणी पुरता आटवत नाही. महिन्याभरात बाटलीच्या तोंडाशी बुरशी दिसते, आणि फुलं, सरपण, साखर, दिवसभराची मेहनत सगळं उकिरड्यावर जातं. जॅममधली साखर ही चवीपेक्षा टिकण्यासाठी असते, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी.

फुलं कशी निवडावी

आपण फुलं म्हणतो ती खरी फुलं नव्हेत. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जी लाल, मांसल पाकळीसारखी आवरणं राहतात तीच घ्यायची. फूल उमलल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी, आतले बोंड हिरवे असताना ती तोडावी. बोंड वाळून बी काळे पडले की आवरण चिवट होते. वाखासाठी पेरतात त्या अंबाडीची आवरणं पातळ असतात, ती जॅमला उपयोगी नाहीत. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी चार-दोन चांगली झाडं राखून ठेवावी.

प्रमाण व कृती

सोललेली फुलं १ किलो, पाणी अर्धा लिटर, साखर १ किलो. एका वेळी याहून मोठा घाणा घेऊ नये.

१. फुलं दोन-तीन पाण्यांतून धुवावी. देठाकडून चाकूने गोल काप देऊन बोंड बाहेर ढकलावे. हिरवी बोंडं टाकू नयेत. ती त्याच अर्ध्या लिटर पाण्यात वीस मिनिटे उकळून पाणी गाळून घ्यावे. त्यांच्यातले पेक्टिन पाण्यात उतरते. पाणी आटून कमी झाले तर वरून भर घालावी.

२. पसरट तळाचा स्टीलचा गंज घ्यावा. तो रिकामा असताना तोलून वजन लिहून ठेवावे. ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई नसलेले तांबे-पितळ वापरू नये. अंबाडीच्या आंबटपणाने भांडे खाल्ले जाते आणि रंगही काळवंडतो.

३. फुलं त्या पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजवावी. बोटाने चुरडतील इतकी मऊ झाल्यावरच साखर घालावी. साखर आधी पडली तर साली चिवट राहतात.

४. साखर विरघळेपर्यंत आच मंद ठेवावी. मग मोठी करून भराभर आटवावे व सारखे ढवळावे.

उतरवायचे कधी?

गुऱ्हाळावर गुळव्या पाक बोटात धरून सांगतो. जॅमला इतका कडक पाक लागत नाही. त्याच्या तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी ताटलीची. थंड ताटलीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने सरकवावा. वर सुरकुती पडली तर जॅम झाला. ही कसोटी घेताना गंज आचेवरून खाली घ्यावा, नाही तर तेवढ्या वेळात तो पुढे जातो.

दुसरी उष्णतामापकाची. पाणी उकळते त्याहून साडेचार-पाच अंश वर पारा गेला की उतरवावे. समुद्रकाठी हा आकडा १०५ येतो. आपला भाग उंचावर असल्याने पाणी शंभराच्या किंचित आतच उकळते. म्हणून आधी आपल्या घरचे उकळते पाणी मोजून घ्यावे.

तिसरी वजनाची, आणि ती सर्वांत भरवशाची. १ किलो साखर आणि फुलांमधला सुमारे १०० ग्रॅम घन भाग मिळून १,१०० ग्रॅम होतात. जॅममध्ये विरघळलेला घन भाग शेकडा ६७ हवा. म्हणजे तयार जॅम सुमारे १ किलो ६४० ग्रॅम भरला पाहिजे. सुरुवातीला अडीच किलो असलेला घाणा इतका खाली आला की थांबावे.

कारण समजून घ्या

शेकडा ६७ म्हणजे आपल्या भाषेत ६७ ब्रिक्स. तोडणीआधी उसाचा रस ज्या मापाने पाहतात तेच हे माप. रसाचा ब्रिक्स १८ च्या पुढे गेला की ऊस पक्व होत आला असे धरतात. तोच रस उघडा ठेवला तर काही तासांत आंबतो, कारण त्यात पाणी भरपूर. ६७ ब्रिक्सला पाणी साखरेत इतके गुंतलेले असते की बुरशी-किण्वाला ते मिळत नाही. लोणच्यात मीठ जे करते तेच इथे साखर करते. शेतातला ब्रिक्समापक मात्र इथे चालत नाही. तो बहुधा ३२ पर्यंतच दाखवतो.

दुसरे कारण आंबटपणाचे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यातली साखर फुटते व उतारा घटतो, हे आपण जाणतोच. आम्लामुळेही साखर फुटते. म्हणून कारखान्यात रसाला चुना देतात, आणि पाक निर्वात पॅनमध्ये कमी उष्णतेवर आटवतात. जॅममध्ये मात्र थोडी साखर फुटलेली बरी. तिच्यामुळे बाटलीत खडे धरत नाहीत. पण तासन्‌तास उकळत ठेवले तर फार फुटते, पेक्टिन तुटते, जॅम पातळ व तपकिरी होतो. म्हणून पसरट भांडे आणि लहान घाणा.

गूळ चालेल का, असे काहीजण विचारतील. जॅम होतो, पण लाल रंग जातो आणि गुळाचीच चव वर येते. साखर कमीच हवी असेल तर थोडाच करून फ्रिजमध्ये ठेवावा व आठ-पंधरा दिवसांत संपवावा. त्याला टिकाऊ समजू नये.

भरणे व ठेवणे

काचेच्या बाटल्या पाण्यात १५ मिनिटे उकळून कोरड्या कराव्या. त्या गरम असतानाच लाकडी पाटावर ठेवून वाफाळता जॅम तोंडापासून अर्धा सेंटिमीटर खाली भरावा व लगेच उकळलेले झाकण लावावे. अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे. ओला चमचा घालू नये. बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेला खाऊ नये. तिचे विष खाली उतरलेले असू शकते. सगळाच टाकावा.

बचत गटाने विकायला करायचा असेल तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली आधी नोंदणी करावी. २०११ च्या नियमांप्रमाणे जॅममध्ये फळाचा भाग शेकडा ४५ पेक्षा आणि विरघळलेला घन भाग शेकडा ६५ पेक्षा कमी चालत नाही. वरच्या मापाने केलेला घाणा दोन्हींत बसतो. प्रत्येक घाण्याची तारीख व उतरवतानाचे वजन वहीत लिहून ठेवावे. एखादी बाटली बिघडली तर कुठे चुकले ते त्या वहीतूनच कळेल.

यंदा एक किलो फुलांनी सुरुवात करावी. धुऱ्यावरची चार झाडं त्याला पुरी पडतील.