घरातील बिनतारी राउटर : त्याची राखण व निगा

दि. २६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात लागोपाठ बॉम्बस्फोट झाले व त्यांत ५६ माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे एक धमकीचा ई-मेल येऊन पोहोचला होता. तो कोठून निघाला याचा माग काढीत पोलीस आले ते नवी मुंबईतील सानपाडा येथे, एका परदेशी रहिवाशाच्या दारी. त्या गृहस्थाचा कटाशी काहीएक संबंध नव्हता. त्याच्या घरातील बिनतारी राउटरला परवलीचा शब्द, ज्याला सामान्यतः पासवर्ड म्हणतात तो, लावलेला नव्हता, एवढेच. कोणी तिऱ्हाइताने त्याच्या घरात पाऊलही न टाकता त्याच्या राउटरवाटे तो मजकूर रवाना केला होता.

पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या एका महाविद्यालयातील बिनतारी जाळ्यातून असाच ई-मेल गेला. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चेंबूर येथील एका खाजगी कंपनीच्या उघड्या राउटरमधून गेल्याचे आढळले. तिन्ही ठिकाणी यंत्राचा मालक निरपराध होता, आणि तिन्ही ठिकाणी चौकशी प्रथम त्याच्याच दारी आली. यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी बिनतारी जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानेही अशी जाळी सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या.

ही हकीकत शहरातील असली तरी खेड्यातील शिक्षकाने ती दूरची मानू नये. भारतनेट योजनेखाली ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतींपर्यंत जाऊ लागली असून अनेक शाळांत व शिक्षकांच्या घरी आज राउटर दिसतो. गावात या यंत्राविषयी शंका निघाली की ती बहुधा गुरुजींकडे किंवा बाईंकडेच येते.

मालकावर संशय का येतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देण्यासाठी घाटकोपर किंवा अंधेरीच्या एखाद्या जुन्या चाळीचे उदाहरण घ्यावे. चाळीत बिऱ्हाडे वीस, परंतु पत्ता एकच. प्रत्येक बिऱ्हाडाचे पत्र त्याच एका पत्त्यावरून बाहेर जाते असे समजा. राउटरचे कार्य नेमके असेच आहे. घरातील फोन, संगणक, दूरदर्शन संच यांना तो आतल्या आत वेगवेगळे क्रमांक देतो. बाहेरच्या जगास मात्र त्या सर्वांचा मिळून एकच क्रमांक दिसतो, व सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरी तो क्रमांक ग्राहकाच्या नावावर असतो. जिन्याखाली उभ्या असलेल्या परक्या माणसाने जरी त्या राउटरशी संधान बांधले, तरी बाहेर दिसावयाचा तो मालकाचाच क्रमांक.

आता परक्या माणसास हे संधान बांधता येते कसे? राउटर ज्या लहरींवर चालतो त्यांपैकी एका प्रकाराची कंपनसंख्या २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास २४० कोटी असते. प्रकाशाच्या वेगास या संख्येने भागिले असता तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर निघते. सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्यावे. या लहरी भिंतीत काहीशा क्षीण होतात, पण थांबत नाहीत. बोरिवली-मुलुंडच्या दाट इमारतींत एका खोलीत बसून शेजाऱ्यांच्या दहा-पंधरा राउटरांची नावे फोनवर वाचता येतात ती यामुळेच. खेड्यात घरे विरळ असल्याने हा धोका कमी, परंतु शाळेच्या कुंपणाबाहेरील पारावर लहर सहज पोहोचते. भिंतीच्या भरवशावर राहता येत नसल्याने लहरीतून जाणारा मजकूरच गुप्त लिपीत घालावा लागतो.

या गुप्तलेखनाच्या पद्धती अनेक झाल्या. १९९७ सालची ‘वेप’ ही पद्धत २००१ मध्येच सदोष ठरली व पुढे ती काही मिनिटांत फोडता येऊ लागली. ती निरुपयोगी समजावी. २००४ ची ‘डब्ल्यूपीए-२’ व २०१८ ची ‘डब्ल्यूपीए-३’ यांपैकी यंत्रात जी उपलब्ध असेल, तीत नवी ती निवडावी. मात्र कुलूप उत्तम असून किल्ली उंबऱ्यावर ठेवली तर उपयोग काय? पुष्कळ लोक आपला मोबाइल क्रमांकच परवलीचा शब्द म्हणून लावतात. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून त्याचा पहिला अंक ६ ते ९ यांपैकी असतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. संख्या मोठी वाटते खरी. परंतु डब्ल्यूपीए-२ पद्धतीत, कोणी घरचा माणूस जाळ्याला जोडला जात असतानाची देवघेव एकदा टिपून घेतली की, चोरटा ती आपल्या घरी नेऊन शांतपणे एकेक अंदाज तपासू शकतो, आणि आजचा सामर्थ्यवान संगणक या साऱ्या शक्यता काही तासांत संपवितो. म्हणून परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहून परवलीचा शब्द बनवावा. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. तिचा कंजूषपणे उपयोग करण्याचे कारण नाही. मुलाचे नाव व जन्मसाल यांची जोडी तर सर्व गावास ठाऊक असते.

येथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. राउटरला किल्ल्या दोन असतात. एक जाळ्यात शिरण्याची, व दुसरी खुद्द यंत्राची मांडणी बदलण्याची. ही दुसरी किल्ली कारखान्यातून अनेकदा ‘ॲडमिन’ यासारख्या ठरावीक शब्दांची येते, आणि बसविणारा कारागीर ती तशीच ठेवून जातो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने अशा सुमारे साठ ठरावीक जोड्या क्रमाने लावून पाहत जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात तिच्याच एका प्रकाराच्या हल्ल्याने जर्मनीतील सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. तेथे कारण परवलीच्या शब्दाचे नसून यंत्राच्या आज्ञावलीशी निगडित होते. तेव्हा यंत्राच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवरील पत्ता फोनमध्ये घालून मांडणीचे पान उघडावे, दुसरी किल्ली बदलावी, आणि त्याच पानावर नवी आज्ञावली आल्याची सूचना असल्यास ती घ्यावी. कळ दाबून फोन जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी, कारण तिच्या आठ अंकी क्रमांकातील दोष २०११ मध्येच उघडकीस आला आहे. पाहुण्यांसाठी निराळे जाळे देण्याची सोय असेल तर शाळेत येणाऱ्या पालकांस ते द्यावे, म्हणजे कार्यालयाच्या संगणकापर्यंत कोणी पोहोचत नाही. या साऱ्या कामास अर्धा तास पुरतो व खर्च काहीच नाही.

यंत्राच्या शारीरिक निगेविषयी थोडे. पूर्वी रेडिओवर भरतकामाचा रुमाल घालीत, तसा राउटरवर घालू नये. त्याची उष्णता बाहेर पडण्याच्या फटी त्याने बुजतात. तो उंचावर, उघड्यावर व शक्य तर घराच्या मध्यभागी असावा. लोखंडी कपाटात ठेवल्यास लहर कपाटातच अडते. कोकणात किंवा मुंबई उपनगरांत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेथे तो भिंतीस टेकवू नये. वीज घालविण्याच्या काळात चालण्यासाठी लहान बॅटरीसंच मिळतात, परंतु घेण्यापूर्वी यंत्रावरील व्होल्टचा आकडा, जो पुष्कळदा १२ असतो, संचावरील आकड्याशी ताडून पाहावा. विजांचा कडकडाट सुरू होण्याआधीच खटका बंद करून प्लग काढावा. जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवर राउटर चालत असेल तर तीही काढावी. काचेच्या तंतूतून विजेचा झटका येत नाही, पण घरातील विजेच्या तारेतून येतोच.

राउटर जुना झाला व त्याच्या कंपनीने नवी आज्ञावली देणे थांबविले की तो बदलणेच श्रेयस्कर. जुने यंत्र कोणास देण्यापूर्वी त्याच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून ती सुमारे दहा सेकंद दाबून धरावी. दिवे एकदा विझून पुन्हा लागले म्हणजे आतील परवलीचे शब्द पुसले गेले असे समजावे, आणि मगच ते यंत्र इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे सोपवावे.