छोट्या दुर्बिणीचा फोकसर : दुरुस्ती आणि बदल

शाळेतील किंवा हौशी निरीक्षकाच्या छोट्या दुर्बिणीतून शनीची कडी रेखीव दिसत नाहीत, अशी तक्रार आली की दोष बहुधा आरशाच्या माथी मारला जातो. नव्या दुर्बिणीचा प्रस्ताव तयार होतो आणि जुनी कपाटात जाते. प्रत्यक्षात अनेकदा आरसा निर्दोष असतो. उणीव असते ती फोकसरमध्ये, म्हणजे नेत्रिका पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागात. स्वस्त दुर्बिणीत काटकसर बहुधा येथेच केलेली असते.

हा भाग किती अचूक हवा, याचा हिशेब उद्बोधक आहे. आरशाचा व्यास १५० मिलिमीटर व नाभीय अंतर १,२०० मिलिमीटर असेल, तर नेत्रिकेच्या स्थानात एकूण सुमारे ०.१४ मिलिमीटर इतकीच सूट मिळते. तेवढ्याच व्यासाच्या, पण ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आखूड दुर्बिणीत ही सूट ०.०५५ मिलिमीटरवर येते. गुंडीच्या एका फेऱ्यात नळी २० मिलिमीटर सरकते असे धरल्यास, पहिल्या दुर्बिणीत गुंडी योग्य जागी थांबविण्यास अडीच अंशांचा आणि दुसरीत जेमतेम एका अंशाचा वाव उरतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाची नाजुकता कळते.

जुन्या फोकसरमध्ये दातेरी पट्टी व छोटे दातेरी चाक असते. दात सैल बसले तर नळी डगमगते, घट्ट बसले तर ती हिसक्याने सरकते. काही उत्पादक ही ढिलाई दाट, चिकट वंगणाने झाकतात. थंडीत ते गोठल्यासारखे होते. म्हणून बदलाचा खर्च करण्यापूर्वी ते पुसून पातळ वंगणाचा हलका लेप द्यावा, नळीभोवती टेफ्लॉनची पातळ पट्टी चिकटवावी आणि दातेरी चाकाचे स्क्रू बेताने आवळावेत. गुंडीला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावला तर तो तरफेसारखा काम देतो व सूक्ष्म हालचाल हाताशी येते. उपाय हास्यास्पद वाटेल, पण गुणकारी आहे.

एवढ्याने भागले नाही, तर क्रेफर्ड पद्धतीचा फोकसर बसवावा. इंग्लंडमधील क्रेफर्ड येथील हौशी खगोल मंडळाचे सदस्य जॉन वॉल यांनी १९७०च्या सुमारास तो योजिला आणि इतर हौशी मंडळींना मुक्तपणे वापरू दिला. त्यात दात नसतातच. नळी चार लहान बेअरिंगांवर टेकते आणि समोरून दाबलेला दांडा केवळ घर्षणाने तिला सरकवितो. त्यामुळे ढिलाई उरत नाही. दुहेरी गतीच्या प्रकारात दुसरी गुंडी दसपट सावकाश चालते, म्हणजे वरील एका अंशाचे दहा अंश होतात. मात्र जड कॅमेरा लावल्यास घर्षण अपुरे पडून नळी घसरू शकते. अशा कामासाठी उत्तम घडणीचा दातेरी फोकसरच अधिक भरवशाचा.

खरेदीपूर्वी जुन्या फोकसरची उंची मोजणे अत्यावश्यक आहे. नवा अधिक उंच असल्यास नेत्रिका नाभीपर्यंत आत पोहोचत नाही आणि सारा खर्च वाया जातो. बुटका असल्यास जोडनळीने भागते. सव्वा इंची म्हणजे ३१.७५ मिलिमीटरच्या नेत्रिका सर्वत्र मिळतात. जुन्या दुर्बिणींतील २४.५ मिलिमीटरचे माप आता मागे पडले आहे, तेव्हा बदल करताना हेही साधून घ्यावे.

छिद्रे पाडण्यापूर्वी दोन्ही आरसे काढून ठेवावेत, कारण धातूचा कीस लेपावर ओरखडे पाडतो. बसविल्यावर फोकसर नळीशी काटकोनात आहे आणि त्याचा अक्ष तिरप्या आरशाच्या मध्यातून जातो, हे तपासावे. त्यानंतर आरशांची जुळणी नव्याने करून एखाद्या ताऱ्यावर कसोटी घ्यावी. नाभीच्या आत व बाहेर नेत्रिका किंचित सरकविली असता ताऱ्याभोवतीची वर्तुळे दोन्हीकडे सारखी व समकेंद्री दिसली, तर जुळणी योग्य झाली असे समजावे.