प्रश्न कोणी विचारावेत?

वस्तीतील पाण्याच्या पाहणीत, नळाला पाणी किती वाजता येते, हे आपण घरोघरी लिहून घेतले. ते भरावयास रात्री कोण जागते, हे विचारणे आपणांस सुचले नाही. वस्तीतील बायकांस सुचले असते.

जाणत्यांनी विचारावे व लोकांनी उत्तरे द्यावीत, हा नेहमीचा क्रम. हैदराबादच्या पश्चिमेस, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील अल्गोल गावी तो जून २००१ मध्ये उलटा करण्यात आला. आंध्र सरकारच्या ‘व्हिजन २०२०’ आराखड्यात शेतीवर जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ४० वर आणावयाचे होते. त्याची छाननी करावयास १९ जणांचे पंचमंडळ बसले. बहुतेक लहान शेतकरी, त्यांत स्त्रियाच अधिक. नाव ‘प्रजातीर्पु’, म्हणजे लोकांचा निवाडा. शास्त्रज्ञ, अधिकारी, कंपन्यांची माणसे साक्षीस आली आणि प्रश्न पंचांनी विचारले! देखरेखीच्या समितीवर निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पंचांनी आराखड्याची ही दिशा नाकारली. साधनांवर गावाचा ताबा राहावा, असे सांगितले.

पुढे पक्षपाताचा आक्षेप निघाला. साक्षीदार कोणी निवडावेत, हा प्रश्न रास्तच आहे. आपल्या पाहणीचे पत्रक मात्र एका बैठकीत, चहा येईपर्यंत, तयार झाले होते.