ओळ कोठे संपते?

कागदावर लिहिणाऱ्याला ओळ कोठे संपली हे वेगळे सांगावे लागत नाही. ते डोळ्यांना दिसते. संगणकाच्या लेखी मात्र सारा मजकूर म्हणजे अंकांची एक अखंड माळ असते. ओळीचा शेवटही त्या माळेतील एखाद्या मण्यानेच दाखवावा लागतो. हा मणी कोणता असावा, याविषयी निरनिराळ्या कार्यप्रणालींचे एकमत झाले नाही.

या मतभेदाचे मूळ दूरमुद्रकात आहे. नवी ओळ सुरू करण्यासाठी त्या यंत्राला दोन क्रिया कराव्या लागत: मुद्रणशीर्ष डाव्या कडेला परत आणणे आणि कागद एक ओळ पुढे सरकवणे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्की' संकेतावलीत या क्रियांसाठी दोन स्वतंत्र चिन्हे होती. पहिलीचे 'कॅरेज रिटर्न', क्रमांक १३. दुसरीचे 'लाइन फीड', क्रमांक १०. पुढे युनिक्सने १० क्रमांकाचे एकच चिन्ह पुरेसे मानले. डॉसने, आणि तिच्यामागून विंडोजने, दोहोंची जोडी राखली. १९८४ च्या मॅकिन्टॉशने केवळ १३ क्रमांकाचे चिन्ह स्वीकारले. परंतु २००१ साली मॅक ओएस एक्स आल्यावर तोही युनिक्सच्या पंक्तीत बसला. आज प्रश्न उरला आहे तो मुख्यतः दोन रीतींचा.

एकट्याने काम करणाऱ्याला हा भेद सहसा जाणवत नाही. अनेक जण एकाच आज्ञावलीवर काम करू लागले, की तो उपद्रवकारक ठरतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली 'गिट' ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली बदल दाखवताना ओळीशी ओळ ताडून पाहते. समजा, हजार ओळींच्या फाईलमध्ये कोणी एक शब्द सुधारला आणि त्याच्या संपादकाने सर्व ओळींची अखेरची चिन्हे बदलली. आता हजारही ओळी बदललेल्या दिसतील. खरी दुरुस्ती त्या गर्दीत हरवेल, आणि कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद त्या एकाच माणसाच्या नावे पडेल. युनिक्सवर याहूनही विपरीत घडते. आज्ञापटाच्या पहिल्या ओळीत तो चालवणाऱ्या कार्यक्रमाचे नाव असते. त्यापुढे १३ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह राहिले, तर ते नावाचाच भाग मानले जाते आणि तसा कार्यक्रम सापडत नाही.

उपाय असा, की भांडारात १० क्रमांकाचे एकच चिन्ह साठवावे आणि रूपांतर प्रत्येकाच्या कामाच्या प्रतीत व्हावे. गिटमधील 'ऑटोसीआरएलएफ' ही योजना हेच करते. परंतु ती ज्याच्या त्याच्या यंत्रावर ठरवली जात असल्याने सर्वत्र सारखी असेलच असे नाही. म्हणून 'गिटॲट्रिब्यूट्स' या फाईलमध्ये नियम लिहिणे श्रेयस्कर होय. ती फाईल प्रकल्पाबरोबरच प्रवास करते. युनिक्सच्या आज्ञापटांना एक चिन्ह, विंडोजच्या बॅच फाईलींना जोडी, असे तीत स्पष्ट सांगता येते.

चित्रे मात्र या रूपांतरातून वगळावीत. त्यांतील १३ व १० हे अंक ओळीचा शेवट दर्शवीत नाहीत. ते बदलल्यास चित्र बिघडते. 'पीएनजी' प्रकाराच्या रचनाकारांनी असा बिघाड ताबडतोब कळावा म्हणून आरंभीच्या ओळखचिन्हात हे दोन्ही अंक मुद्दाम घातले आहेत.

जुन्या प्रकल्पात हा नियम लागू करताना सर्व फाईलींचे रूपांतर एकाच स्वतंत्र नोंदीत करावे आणि त्या नोंदीत दुसरी कोणतीही दुरुस्ती मिसळू नये. मग पुढे इतिहास चाळणाऱ्याला केवळ चिन्हांचा बदल कोणता आणि अर्थाचा बदल कोणता, हे निश्चितपणे ओळखता येते.