एअरबॅगचा दिवा विझला नाही तर?



मसाट-सिल्वासा परिसरातील आपल्या बऱ्याच घरांत आता चारचाकी आहे. सुट्टी लागली की वापी किंवा भिलाडमार्गे महामार्ग गाठायचा आणि मुंबई-ठाण्याकडे नातेवाइकांकडे जायचे, हा आपला नेहमीचा क्रम. या गाडीच्या डॅशबोर्डवर एक छोटे चित्र असते: सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा. हा एअरबॅगचा दिवा. तो पेटून राहिला तरी गाडी नीट चालते, ब्रेक लागतात, एसीही चालतो. म्हणून ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ असे म्हणून तो सोडून दिला जातो. तो का सोडू नये, हे आज समजून घेऊ.

एअरबॅग कशी उघडते?

समोरून जोराची धडक बसली की गाडीतील सेन्सर ती ओळखतात व नियंत्रक पेटीला कळवतात. पेटी विजेचा छोटा झटका पाठवते, त्याने रसायन पेटते, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यांतील साधारण तीस ते पन्नास भागांत हे सारे उरकते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. लगेच पिशवीच्या छिद्रांतून वायू बाहेर पडतो, म्हणून डोके आदळताना ती मऊ लागते.

या यंत्रणेला ‘एस.आर.एस.’ म्हणतात. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘पूरक’. पूरक कशाला? तर सीटबेल्टला. बेल्ट शरीराला जागेवर धरतो आणि एअरबॅग डोके व छाती सांभाळते. बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि फुगणाऱ्या पिशवीचाच मार त्याला बसतो.

आपल्याच रस्त्यावरचे उदाहरण

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला निघाले होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार महागडी होती, तिच्यात एअरबॅगही होत्या. तरीही मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी दगावले. त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. हा पूल आपण मुंबईला जाताना दर वेळी ओलांडतो.

दुसरी घटना डिसेंबर २०२४ मधील, नवी मुंबईतील वाशीची. पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या धक्क्याने दगावला. मोठ्यांना वाचवणारी पिशवी लहानग्यांना घातक ठरू शकते. म्हणून मुलांची जागा मागेच, आणि तीही त्यांच्या वयाला योग्य अशा आसनात, बेल्ट लावून.

दिवा काय सांगतो?

किल्ली फिरवली की यंत्रणा स्वतःची तपासणी करते. त्या वेळी दिवा काही सेकंद पेटतो व विझतो. हे ठीक आहे. पुढील तीन गोष्टी मात्र बिघाडाच्या खुणा आहेत:

१. दिवा विझतच नाही.
२. चालत्या गाडीत तो मधेच पेटतो किंवा लुकलुकतो.
३. किल्ली फिरवली तरी तो पेटतच नाही.

अशा वेळी धडक बसल्यास एअरबॅग उघडेलच, याची खात्री राहत नाही.

कारणे

सीट मागे-पुढे सरकवताना किंवा खालची सफाई करताना तिथल्या वायरीची जोडणी सैल होते. स्टीअरिंगच्या आतील गुंडाळी केबल झिजते. बॅटरी उतरते. उंदीर वायरी कुरतडतात. आपल्याकडील मुसळधार पावसात गाडीत पाणी शिरले, तर खाली बसवलेली नियंत्रक पेटी भिजते. कधी दोष कारखान्यातलाच असतो. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगच्या नियंत्रकासाठी १७,३६२ गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या. अशी दुरुस्ती कंपनी फुकट करून देते, म्हणून आपल्या गाडीचा चासी नंबर देऊन चौकशी करावी.

काय करावे?

• घाबरू नये. सर्वांनी बेल्ट लावून गाडी लवकरात लवकर वर्कशॉपला न्यावी. लांबचा प्रवास पुढे ढकलावा.
• स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्यावा व तो लिहून ठेवावा.
• दोष दूर न करता नुसता कोड पुसू देऊ नये. दिवा विझेल, पण धोका तसाच राहील.

काय करू नये?

• सीटखालच्या पिवळ्या वायरी स्वतः ओढू किंवा जोडू नयेत. मल्टिमीटर तर लावूच नये, त्याच्या किरकोळ विजेनेही पिशवी फुटू शकते. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते.
• स्टीअरिंग किंवा डॅशबोर्डवरील एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती, स्टिकर, शोभेच्या वस्तू लावू नयेत. सीटमध्ये एअरबॅग असेल तर साधे कव्हर घालू नये.
• स्टीअरिंगला चिकटून बसू नये. छाती निदान २५ सेंटीमीटर दूर असावी.

जुनी गाडी घेताना

अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही, नवी बसवावी लागते आणि ती महाग असते. म्हणून काही जण नवी न बसवता दिवाच काढून टाकतात किंवा तो दुसऱ्या दिव्याला जोडतात. यासाठी जुनी गाडी बघताना आधी किल्ली फिरवा आणि हा दिवा पेटून विझतो का ते पाहा. शंका आल्यास व्यवहारापूर्वी स्कॅनर लावा.

स्वाध्याय

१. घरच्या गाडीत दिवा किती सेकंद पेटतो, ते मोठ्यांसोबत बसून मोजा.
२. एअरबॅगला ‘पूरक’ का म्हणतात? दोन वाक्यांत लिहा.
३. पुढच्या प्रवासात मागच्या सीटवरील सर्वांनी बेल्ट लावला का, ते तुम्ही तपासा. लावला नसेल तर गाडी सुरू होण्याआधीच आठवण करून द्या, मग ते आजोबा का असेनात!