मुलाखतीला निघालेल्या नातवास

सोलापूर,
दि. 3 फेब्रुवारी

चि. अनिकेत यास,

मुख्य परीक्षेचा 1750 गुणांचा घाट चढून आता उरलेल्या 275 गुणांसाठी दिल्लीस, लोकसेवा आयोगाच्या धोलपूर हाऊसमध्ये, तुला पाचारण झाले, ही वार्ता मी आळीत दोनदा सांगून आलो. परंतु तुझ्या पत्राच्या उत्तरार्धात, पुण्याच्या कोणा शिकवणीवर्गात तू ‘नमुना उत्तरे’ घोकीत असल्याचा जो मजकूर आहे, तो वाचून लेखणी हाती घेणे प्राप्त झाले.

एकूण 2025 गुणांत मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे, तो याहून फार नाही हेच बरे. 1980 साली श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तेथे 150 पैकी 50 गुण मुलाखतीस ठेवलेले होते आणि एकेका उमेदवाराची वासलात दोन-तीन मिनिटांत लावली जात होती. तो प्रकार पाहून, अशा प्रवेशात मुलाखतीस 15 टक्क्यांहून अधिक भार देणे मनमानीचे होईल, असे न्यायालयाने बजावले. तुला अर्धा तास तरी मिळेल.

आता माझी फजिती ऐक. घरात ती कोणास सांगितलेली नाही. 1972 साली महसुलातील जागेसाठी मी एका निवड मंडळापुढे उभा होतो. अध्यक्षांनी विचारले, “1 एप्रिल 1957 रोजी काय घडले?” मी तत्परतेने म्हणालो, “नये पैसे चलनात आले.” उत्तर खरे होते. ते हसून म्हणाले, “बरोबर. आणि त्याच दिवशी कुळांचे काय झाले?” येथे ‘ठाऊक नाही’ एवढे दोन शब्द उच्चारले असते तर प्रकरण मिटले असते, परंतु पहिल्या उत्तराची धुंदी चढलेली, तेव्हा कूळकायद्याचा आपण सविस्तर अभ्यास केला आहे अशी थाप मी ठोकून दिली, मग त्यांनी कलम विचारले तेव्हा एक आकडा फेकला, त्या कलमाचा आशय विचारला तेव्हा तोही रचला, आणि पाचव्या मिनिटास समोरच्या पाचही गृहस्थांच्या मुद्रेवर जी सौम्य करुणा उमटली ती मला आजही दिसते. कोणी रागे भरले नाही. अध्यक्षांनी दप्तर मिटले, एवढेच.

घरी आल्यावर तुझ्या पणजोबांनी खुलासा केला. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यान्वये त्या तारखेस जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले, पुढे किंमत ठरली, ती हप्त्यांनी फेडली, आणि आपली सांगोल्याची चार एकर जमीन, जीत आज तुझ्या वडिलांची डाळिंबाची बाग आहे, तिच्यावरील आपल्या मालकीचा आरंभ त्याच दिवसाचा. परक्या देशांच्या राजधान्या मला मुखोद्गत होत्या. आपल्या घरचा कागद मात्र मी कधी उलगडून पाहिलेला नव्हता.

पुढे नोकरी लागली आणि निवृत्तीपर्यंत कित्येक निवड समित्यांत टेबलाच्या पलीकडे बसण्याचा योग आला. तेथे एक गोष्ट ध्यानी आली, ती अशी की पहिल्या प्रश्नाचे उत्तर जो तो तयार करूनच येतो, समिती वाट पाहते ती दुसऱ्या प्रश्नाची. छंद ‘वाचन’ लिहिणाऱ्यास अखेरचे पुस्तक कोणते वाचले म्हणून विचारावे, तो नाव सांगतो. त्यातले काय पटले नाही म्हणून विचारावे, आणि खोलीत शांतता पसरते. याउलट एक मुलगी आठवते. टंचाईत टँकरच्या फेऱ्या कशा लावाल, असे विचारता तिने लोकसंख्येचा हिशेब मांडला. एका सभासदांनी जनावरांचे काय म्हणून अडविले, तेव्हा ती किंचित थांबली आणि म्हणाली, “ते माझ्या ध्यानात आले नव्हते, यादी बदलावी लागेल,” आणि आमच्यासमोर तिने ती बदललीही. त्यापूर्वीच्या दोन प्रश्नांना ती सरळ ‘माहीत नाही’ म्हणाली होती. निवड तिचीच झाली. आपले चुकले असे म्हणताना जो गडबडत नाही, त्याच्या हाती तालुका सोपविण्यास आम्हांस भीती वाटत नसे. हट्टाने मत रेटणारे आणि सभासदाची भुवई उंचावताच मत फिरविणारे असे दोन्ही प्रकारचे उमेदवार आम्ही परत पाठविले. त्यांत दुसऱ्यांची संख्या मोठी होती.

पोशाखाची चिंता करू नकोस, इस्त्रीचा सदरा पुरे. मुख्य परीक्षा तू मराठीतून दिली आहेस; मुलाखतही मराठीतून देणार असशील तर दुभाष्याला श्वास घेण्यापुरते थांबत जा.

राहता राहिला तुझा अर्ज. तो तू आपल्या सहीने दिलेला जबाब आहे, प्रश्न त्यातूनच निघतील. गाव सांगोला तालुक्यातले लिहिलेस, तर पीक-पैसेवारी 50 पैशांच्या आत आली म्हणजे काय होते, हे तुला सांगता आले पाहिजे. वडिलांचा व्यवसाय डाळिंबाचा लिहिलास, तर तेल्या पडला त्या वर्षी बागेचे काय झाले, हे त्यांच्याजवळ बसून ऐक. छंदात ‘गिर्यारोहण’ लिहिलेस. गेल्या दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील लावताना तुझे पाय लटपटत होते, हे मी पाहिले आहे.

सोबत आपल्या जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल ठेवली आहे. मोडी शेरा एका कोपऱ्यात आहे, तो तुला लागणार नाही. पुढच्या रविवारी ये, दोघे मिळून वाचू.

तुझा,
अण्णाआजोबा